सहावा नंबर आणि चार वर्षं

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की आपल्या हॉस्टेलवर एक काम कुणी न सांगताच सुरू होतं. कोण इंजिनिअर होणार आणि कोण होणार नाही, हे ठरवण्याचं! एम-वन उडाला, मेकॅनिक्स उडाला, की त्या पोराच्या नावावर शिक्का बसलाच. मेसमध्ये बसतो, कॉरिडॉरमध्ये बसतो आणि (सरांनी राग मानू नये) कधीकधी स्टाफरूममध्येही बसतो. ज्याच्या नावावर असे शिक्के एकदा नाही, अनेकदा बसले आणि तरीही जो थांबला नाही, अशा एका माणसाबद्दल मला इथे लिहायचं आहे. त्याचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक खाशाबांनी मिळवून दिलं, १९५२, हेलसिंकी, कुस्ती, ब्राँझ. एमपीएससीची तयारी करणाऱ्या आपल्या मित्रांना एवढं तोंडपाठ असतं. पण मला १९५२ पेक्षा १९४८ ची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कारण त्या वर्षी ते हरले होते.

मी भूमचा. आमच्या भागात गावची यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, मग नारळावरच्या, आणि शेवटी मानाची कुस्ती. फडात जोड लावणारी जाणती माणसं असतात. पोराची मान, मांड्या, खांदे नुसते नजरेने बघायचे आणि याची जोड त्याच्याशी, असं ठरवून टाकायचं. ही फडातली नजर. आज कोण कुणाला पाडेल, हे तिला बरोबर कळतं. पण तालमीतल्या वस्तादाची नजर वेगळी असते. पोरगं पडलं, यात त्याला फारसा रस नसतो. ते कशामुळे पडलं आणि काल ज्या कारणाने पडलं त्याच कारणाने आज परत पडलं का, हे तो बघतो. खाशाबांचं आयुष्य वाचताना मला सारखं वाटत राहिलं की या दोन नजरांमधला झगडाच आपण वाचतोय.

जन्म १५ जानेवारी १९२६, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावी. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. शाळा कराडचं टिळक हायस्कूल आणि पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली ते तयार झाले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरायची आणि बघता बघता त्याला खाली घालायचं.

पण पैलवान म्हटल्यावर डोळ्यासमोर जो आडदांड गडी येतो, तसे ते मुळीच नव्हते. अंगापिंडाने लहानखुरे. राजाराम कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत खेळाच्या शिक्षकांनी त्यांचं नाव घ्यायलाच नकार दिला. पहिला शिक्का बसला तो असा, कुस्ती न बघताच! खाशाबा भांडत बसले नाहीत. सरळ प्राचार्य खर्डीकरांकडे गेले आणि खेळायची परवानगी मागितली. खर्डीकरांनी ती दिली. मग खाशाबांनी आपल्यापेक्षा थोराड पोरांना एकामागून एक पाडलं. खर्डीकरांनी फार मोठं काही केलं असं नाही. निकाल लागण्याआधी निकाल द्यायचा नाही, एवढंच त्यांनी पाळलं. पण कॉलेजात हे किती जणांना जमतं?

१९४८ साली लंडन ऑलिंपिक होतं. प्रवासखर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली आणि खाशाबा बोटीने नाही की विमानाने, यापेक्षा एका वेगळ्याच जगात जाऊन पोचले. कसं ते सांगतो. आपल्याकडची कुस्ती लाल मातीतली. ती माती ताक, तेल, हळद घालून मुरवलेली असते. पाय तिच्यात रुततो, त्यामुळे आधार मिळतो. पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर म्हणजे मॅटवर. पायात बूट, अंगात वेगळा पोशाख, घड्याळ लावलेलं. वेळ संपेपर्यंत कुणीच चीत झालं नाही तर पंच निर्णय देणार. म्हणजे ज्याने आयुष्यभर मराठीतून गणित सोडवलं त्याला एकदम इंग्रजी पेपर हातात द्यावा, तशातला प्रकार! गणित तेच असतं, पण पहिला अर्धा तास प्रश्न काय विचारलाय तेच कळण्यात जातो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे वेगळं सांगायला नको.

लंडनला रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचं मार्गदर्शन त्यांना मिळालं. फ्लायवेट म्हणजे ५२ किलोच्या गटात ते उतरले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र ते हरले. शेवटी नंबर आला सहावा.

आता हा सहावा नंबर कसा वाचायचा? फडातल्या नजरेने बघितलं तर पदक नाही, विषय संपला. पण कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना एक गोष्ट पटेल. सिस्टिमला नवा इनपुट दिला की सुरुवातीला तिचा आउटपुट वर-खाली हेलकावे खातो. त्याला आपण ट्रान्झियंट म्हणतो. त्यावरून सिस्टिम निकामी आहे असं कुणी लिहिलं तर सर मार्क देणार नाहीत. हेलकावे कमी होताहेत की वाढताहेत, हे बघायचं असतं. गादीवरच्या कुस्तीचा जवळपास काहीच सराव नसलेला माणूस जगात सहावा येतो, याचा अर्थ डाव कमी पडले नाहीत, गादी कमी पडली. म्हणजे चूक कुठे आहे ते सापडलं. आणि सापडलेली चूक दुरुस्त करता येते.

खाशाबांनी नेमकं हेच वाचलं असावं, असं त्यांच्या पुढच्या चार वर्षांवरून वाटतं. परत आल्यावर त्यांनी मेहनत वाढवली, सराव वाढवला आणि एक गट वर, बँटमवेटमध्ये म्हणजे ५७ किलोत गेले. तिथे प्रतिस्पर्धी आणखी तगडे.

आणि इथे दुसरा शिक्का बसायची वेळ आली. १९५२ च्या निवडीत त्यांना डावललं गेलं. त्यांचं म्हणणं होतं की गुण देताना अन्याय झाला. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा चाचणी झाली, खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला पाडलं आणि जागा मिळवली. म्हणजे दाद मागितली तीही आणखी एक कुस्ती खेळू द्या, एवढीच. सूट नाही, फक्त संधी.

जागा मिळाली, पण पैसे? सरकारकडून पुरेशी मदत मिळेना. गावोगाव वर्गणी जमा झाली, लोकांनी जमेल तसे पैसे दिले, तरी रक्कम पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डीकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! कॉलेजच्या स्पर्धेत नुसती परवानगी देणारा हाच माणूस काही वर्षांनी त्याच पोरासाठी घर पणाला लावतो. हे भाबडेपणाने झालं असेल असं मला वाटत नाही. हा पोरगा लंडनला काय करून आला आणि त्यानंतर काय करतोय, हे ते बघत होते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत झाली आणि ती ते हरले. हाच इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. त्या दमवणाऱ्या लढतीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत युनियनच्या रशीद मामेदबेकोव्हशी खेळायला सांगण्यात आलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती हवी असा नियम होता, पण तो दाखवून हरकत घ्यायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी ब्राँझपदक त्यांच्या नावावर लागलं. शंभरावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने कराड ते गोळेश्वर त्यांना वाजतगाजत नेण्यात आलं.

पुढे त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून आलेल्या पैशातून खर्डीकर सरांचं कर्ज फेडलं. मला पदकाइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.

नंतरचं आयुष्य मात्र फारसं सुखाचं नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर झाले, तिथे २७ वर्षं नोकरी केली आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. मोठे सन्मान आले ते सगळे नंतर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे आणि महाराष्ट्रात १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरला आहे.

त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेस. कुस्तीतलं पुढचं पदक २००८ चं, सुशील कुमार. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं ते २०२४ मध्ये पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेमबाज स्वप्निल कुसाळेला. तब्बल ७२ वर्षं! मधल्या काळात आपल्याकडे खाशाबा जन्मले नसतील असं मानायला मी तयार नाही. जन्मले असतील, पण सहाव्या नंबरावर थांबवले गेले असतील. कारण फड गावोगाव असतात. घर गहाण टाकणारा प्राचार्य सोडा, नुसतं थांबून बघणारा वस्तादसुद्धा दर वेळी मिळतोच असं नाही.

आता ही गोष्ट गोड करून सांगायची नाही. थांबून बघणं म्हणजे नापास पोराला नुसतं होईल रे, होईल रे करत बसणं नव्हे. खाशाबा चार वर्षं घासले, म्हणून खर्डीकरांच्या नजरेला अर्थ आला. पोराने दुसऱ्या वेळी वेगळ्या कारणाने पडावं, तेव्हाच वस्तादाने त्याच्यामागे उभं राहावं, हा सौदा दोघांचा आहे.

म्हणून पुढच्या निकालाला आपल्या विंगमधल्या कुणाचा एम-टू राहिला, तर किती विषय राहिले हे विचारू नका. मागच्या वेळी कुठे अडला होतास आणि या वेळी कुठे अडलास, एवढं विचारा. उत्तर दोन्ही वेळा सारखंच आलं, तर त्याच्याबरोबर पेपर घेऊन बसा. वेगळं आलं, तर काळजी सोडा. गडी गादीवर पाय रोवायला शिकतोय.