कार्ल बॉश : खताचा शिल्पकार आणि ओपाउचा धडा

हवेतील नायट्रोजनपासून खतनिर्मितीचा उद्योग उभारणारे कार्ल बॉश यांचा जन्म २७ ऑगस्ट १८७४ रोजी जर्मनीतील कोलोन येथे झाला. धातुशास्त्र व यंत्रविद्या शिकून ते रसायनशास्त्राकडे वळले आणि १८९९ मध्ये बीएएसएफ कंपनीत रुजू झाले.

फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेत सिद्ध केलेला अमोनिया कारखान्यात आणण्याचे काम बॉश यांच्याकडे आले. सुमारे २०० वातावरणांचा दाब आणि ५०० अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान सोसणाऱ्या पोलादी नळ्या काही दिवसांतच फुटत. हायड्रोजन पोलादातील कार्बनशी संयोग पावून त्यास ठिसूळ करतो, हे बॉश यांनी ओळखले. त्यांनी आत मऊ लोखंडाचे अस्तर दिले आणि बाहेरील पोलादी कवचाला बारीक छिद्रे पाडली. झिरपलेला हायड्रोजन त्यांतून निघून जाऊ लागला. पहारा वाढविण्यापेक्षा रचनेतूनच धोका दूर करावा, हे तत्त्व त्यात होते. १९१३ मध्ये ओपाउ येथे उत्पादन सुरू झाले. पुढे महायुद्धात याच अमोनियापासून दारूगोळाही बनला.

२१ सप्टेंबर १९२१ रोजी त्याच ओपाउत अनर्थ घडला. गोदामात सुमारे ४,५०० टन अमोनियम सल्फेट-नायट्रेट साठले होते. दगडासारखा घट्ट झालेला ढीग सुरुंगाने फोडण्याची तेथे रीत होती आणि हजारो वेळा ती निर्विघ्न पार पडली होती. त्या सकाळी साठ्याचा एक भाग उडाला. पाचशेहून अधिक माणसे दगावली. कंपनीचे प्रमुख तेव्हा बॉशच होते. संयंत्रात साधलेली सुरक्षितता गोदामापर्यंत पोहोचली नव्हती.

१९३१ मध्ये त्यांना फ्रीडरिख बेर्गिउस यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यू शास्त्रज्ञांच्या हकालपट्टीला त्यांनी विरोध केला. मात्र त्यांच्याच आयजी फार्बेन उद्योगसमूहाने १९३३ मध्ये नाझी राजवटीशी कृत्रिम पेट्रोलचा करार केला. २६ एप्रिल १९४० रोजी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या झुआरीनगरच्या खत कारखान्यामागेही हीच प्रक्रिया आहे. आता पाण्याच्या विघटनातून हायड्रोजन मिळवून कमी कार्बनचा अमोनिया बनविण्याचे प्रयत्न सुरू आहेत. त्याने धूर घटेल. पण अमोनियाची विषारीता, हायड्रोजनची ज्वलनशीलता आणि साठ्याची जोखीम तशीच राहील. म्हणून साठा कमीत कमी ठेवणे, दाब व तापमान सौम्य करणे आणि रचना सोपी राखणे, या कसोट्या आराखड्याच्या वेळीच लावाव्या लागतात. बॉश यांच्या चरित्रातील छिद्रांचे कवच आणि ओपाउचे गोदाम, दोन्ही हेच शिकवितात.