सरखेल कान्होजी आंग्रे

विद्यार्थिमित्रहो, आपलें ओतूर गांव समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस मांडवी नदीच्या कांठीं वसलें आहे. लाटांचा आवाज आपल्या कानीं पडत नाहीं. तरीपण जुन्नराहून नाणेघाटानें उतरणारा प्राचीन मार्ग कोंकणांतील बंदरांकडेच जात असे. त्या घाटमाथ्यावर जो मोठा दगडी रांजण आहे, त्यांत पूर्वीं जकातीचें नाणें टाकीत, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. जो वाट राखतो तो वाटेची जकात घेतो, ही गोष्ट आपल्या भागांत कोणासही नवीन नाहीं. हीच गोष्ट एका पुरुषानें समुद्रावर करून दाखविली; आणि तेवढ्यावरून परकीयांनीं त्यास चांचा, म्हणजे समुद्रावरील दरोडेखोर, ठरविलें. त्या सरखेल कान्होजी आंग्र्यांचें चरित्र आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. ते चांचे होते कीं राज्याचे सेनापति होते, याचा निर्णय चरित्र वाचून ज्याचा त्यानेंच करावा.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ मध्यें झाला. घराण्याचें मूळ आडनांव संकपाळ. आंगरवाडी ह्या गांवावरून त्यांस आंग्रे म्हणूं लागले. वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या चाकरींत असून हर्णैजवळील सुवर्णदुर्ग हें त्यांचें ठिकाण होतें. ज्या मुलाचें बालपण जलदुर्गाच्या छायेंत गेलें, त्यास भरती-ओहोटी, वारा व खडक यांची ओळख पुस्तकांतून करून घ्यावी लागली नाहीं.

कान्होजी वयांत आले तो काळ महाराष्ट्राच्या कसोटीचा होता. १६८९ सालीं संभाजीराजांचा वध झाला, त्याच वर्षीं रायगड मोंगलांच्या हातीं गेला आणि राजाराममहाराजांस दूर जिंजीस जावें लागलें. किनाऱ्यावरील किल्ल्यांस वरून हुकूम येण्याचें बंद झालें. जंजिऱ्याचा सिद्दी मोंगलांच्या बाजूनें कोंकणपट्टी गिळूं पाहत होता. अशा वेळीं सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूस वश होऊन किल्ला देण्याच्या बेतांत असतां तरुण कान्होजींनीं त्यासच कैद केलें व किल्ला लढविला. एकदां ते स्वतः शत्रूच्या हातीं सांपडले असतां निसटून पोहत किल्ल्यांत परत आले, असें परंपरा सांगते. सुवर्णदुर्ग वांचला, आणि राज्यास धनी जवळ नसतांही इमानानें वागणारा एक मनुष्य सांपडला.

पुढें १६९८ च्या सुमारास आरमाराचे मुख्य सिधोजी गुजर वारल्यावर तें पद कान्होजींकडे आलें. सरखेल म्हणजे सर्व आरमाराचा अधिपति. इंग्रजींत ज्यास ॲडमिरल म्हणतात तो. त्यांनीं अलिबागेच्या कुलाबा किल्ल्यास आपलें मुख्य ठाणें केलें. ओहोटीच्या वेळीं ह्या किल्ल्यांत चालत जातां येतें व भरती आली म्हणजे चोहोंकडे पाणी होतें. दक्षिणेस सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग, उत्तरेस मुंबईच्या तोंडाशीं खांदेरी, अशी ही जलदुर्गांची सांखळी होती. प्रत्येक किल्ल्याच्या आश्रयास गलबतें उभीं असत, व शत्रूचें जहाज एका ठिकाणाहून निसटलें तरी पुढें दुसरें ठिकाण त्याची वाट पाहत असे.

त्यांचीं जहाजें विलायती जहाजांइतकीं मोठीं नव्हतीं. गुराब हें दोन किंवा तीन डोलकाठ्यांचें, नाळेवर तोफा असलेलें जहाज. गलबत हें त्याहून लहान, हलकें व वल्ह्यांनीं चालणारें. एकेका गलबतास चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला म्हणजे परकीयांचें अवजड जहाज जागच्या जागीं खिळून राही. मग गलबतें गुराबांस दोरांनीं ओढीत त्याच्या पिछाडीस आणीत, कारण त्या बाजूस तोफा थोड्या असत. पहिला मारा शिडांवर व डोलकाठ्यांवर होई. जहाज पांगळें झालें म्हणजे माणसें चढाई करीत. आपल्या किनाऱ्याचा वारा, उथळ पाणी व खाड्या यांचा पुरा उपयोग करणारी ही युद्धकला होती. सामर्थ्य थोडें असलें तरी बुद्धीनें त्याचें चीज करतां येतें, हें त्यांत दिसून येतें.

आतां ज्यावरून खरें भांडण पेटलें, त्या दस्तकाविषयीं सांगितलें पाहिजे. मराठ्यांच्या समुद्रांतून जाणाऱ्या व्यापारी जहाजानें सरखेलांचा परवाना घ्यावा व त्याचा दर द्यावा, असा कान्होजींचा नियम होता. ह्या परवान्यास दस्तक म्हणत. दस्तक असलेल्या जहाजास अभय. नसलेलें जहाज पकडलें जाई. हा नियम त्यांनीं नवा काढला नव्हता. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकापासून हिंदी जहाजांस आपला परवाना घ्यावयास लावीत व तो नसल्यास जहाज जप्त करीत. मुंबईकर इंग्रजही आपल्या आश्रयाखालील व्यापाऱ्यांस परवाने देत. मात्र कान्होजींनीं तोच हक्क सांगतांच इंग्रज कंपनीनें तो साफ नाकारला. जें परक्यानें केलें असतां कायदा, तेंच घरच्या धन्यानें केलें असतां दरोडा, असा हा न्याय होता.

तथापि चरित्र लिहितांना गैरसोयीची गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. १७१२ च्या नोव्हेंबरांत कान्होजींच्या आरमारानें मुंबईच्या गव्हर्नराचें सशस्त्र जहाज व त्याच्या सोबतचें व्यापारी जहाज धरलें. त्या झटापटींत कारवारच्या वखारीचा इंग्रज मुख्य चाऊन हा मारला गेला व त्याची तरुण पत्नी कैदेंत पडली. पुढील फेब्रुवारींत ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला मुंबईस पोंचतें करण्यांत आलें. त्या काळीं कैद्यांबद्दल खंडणी घेण्याची चाल सर्वच पक्षांत होती, हें खरें. तरी एका विधवेचें दुःख त्यामुळें हलकें होत नाहीं. थोर पुरुषांस दोषरहित मानण्याची जरुरी नाहीं. त्यांचें कार्य व त्यांचा काळ दोन्ही नीट पाहिले म्हणजे पुरे.

कान्होजींची मोठी परीक्षा मात्र घरांतच झाली. शाहूमहाराज व ताराबाई यांच्या कलहांत ते ताराबाईंच्या पक्षास होते. १७१३ सालीं शाहूंनीं आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस त्यांच्यावर पाठविलें. कान्होजींनीं पिंगळ्यांचा पराभव करून त्यांसच कैद केलें. तेव्हां शाहूंनीं बाळाजी विश्वनाथ यांस पेशवाईचीं वस्त्रें देऊन पाठविलें. बाळाजीपंतांनीं तरवारीपेक्षां बोलण्यावर भर दिला. आणि १७१४ सालीं तह होऊन कान्होजींनीं शाहूंस छत्रपति मानलें व पिंगळ्यांस सोडून दिलें. शाहूंनीं त्यांचें सरखेलपद व किल्ले कायम केले. जय मिळाला असतांही जो राज्याच्या ऐक्यासाठीं मान लवूं शकतो, त्यास दरोडेखोर कसें म्हणावें?

ह्या ऐक्याचें फळ लवकरच दिसलें. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाला व त्यानें आंग्र्यांचा नाश करण्याचा चंगच बांधला. १७१७ सालीं विजयदुर्गावर, १७१८ सालीं खांदेरीवर आणि १७२० सालीं पुन्हां विजयदुर्गावर इंग्रजांनीं स्वाऱ्या केल्या, तिन्ही फसल्या. अखेर १७२१ च्या डिसेंबरांत इंग्रज व पोर्तुगीज यांनीं एकत्र होऊन सुमारें सहा हजार फौजेनिशीं कुलाब्यावर चाल केली. इंग्लंडच्या राजाचीं चार लढाऊ जहाजें घेऊन कमोडोर मॅथ्यूज हाही आला होता. परंतु ह्या वेळीं कान्होजी एकटे नव्हते. शाहूंचें घोडदळ त्यांच्या मदतीस आलें व पेशवे बाजीरावही धांवून आले. दोस्तांची फळी फुटली. पोर्तुगिजांनीं निराळा तह केला आणि इंग्रजांस रिकाम्या हातीं मुंबई गांठावी लागली. १७२४ सालीं डच लोकांनीं विजयदुर्गावर नशीब अजमावून पाहिलें. त्यांसही यश आलें नाहीं. समुद्रावर आरमार व किनाऱ्यावर घोडदळ एकमेकांस साह्य करतात, तेव्हां युरोपांतील राष्ट्रांसही हार खावी लागते, हें जगास दिसलें.

४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी वारले. अलिबागेस त्यांची समाधि आहे. ते हयात असेपर्यंत त्यांचें आरमार कोणास बुडवितां आलें नाहीं. पण त्यांच्या मागें मुलांमध्यें वांटणीचे तंटे माजले. पुढें तुळाजी आंग्रे व पेशवे नानासाहेब यांचें इतकें वितुष्ट आलें कीं पेशव्यांनीं इंग्रजांचेंच साह्य घेतलें. १७५५ सालीं सुवर्णदुर्ग पडला आणि १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला. तेथें नांगरलेलें आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. जें बाहेरच्या शत्रूस चाळीस वर्षांत साधलें नाहीं, तें घरच्या वैरानें साधून दिलें.

विद्यार्थिमित्रहो, चांचा आपल्या पोटासाठीं लढतो. त्यास धनी नसतो, नियम नसतो, राखावयास भूमि नसते. कान्होजींस छत्रपतींनीं दिलेलें पद होतें, त्यांचा दस्तक सर्वांस ठाऊक होता आणि पाठीशीं एक सबंध किनारा होता. इंग्रज लेखकांनीं त्यांस दिलेलें नांव बरेच दिवस टिकलें, कारण ग्रंथ त्यांनीं लिहिले होते. स्वतंत्र भारतानें मात्र १९५१ सालीं मुंबईतील नौदलाच्या तळास आंग्रे हें नांव दिलें. ज्या नौदलास आतां विमानांचे पंख व पाणबुड्यांचे कल्ले लाभले आहेत, तें आपल्या पूर्वजांत ह्या सरखेलाची गणना अभिमानानें करतें. यास्तव एखाद्यास कोणी कांहीं नांव ठेविलें असतां, तें कोणी ठेविलें व कां ठेविलें, हें विचारल्यावांचून आपण तें उच्चारूं नये. आणि आपसांतील भांडण किती महाग पडतें, हें विजयदुर्गाच्या त्या जळत्या जहाजांकडे पाहून प्रत्येक घरानें व प्रत्येक गांवानें ध्यानांत ठेवावें.