जंगलातील धावपट्टी आणि विंगेट

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यावर घिरट्या घालणारे हेलिकॉप्टर आता नवलाईचे राहिलेले नाही. परंतु घनदाट जंगलात विमान कशासाठी उतरवावयाचे, या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या मोहिमांतून मिळाले, त्या ऑर्ड विंगेट यांची आठवण आपल्याकडे क्वचितच होते.

१९०३ साली नैनिताल येथे जन्मलेले विंगेट हे विक्षिप्त, हेकट आणि अनेक वरिष्ठांना नकोसे वाटणारे अधिकारी होते. पॅलेस्टाईन व इथिओपियातील गनिमी लढायांनंतर, १९४२ साली जनरल वेव्हेल यांनी त्यांच्यावर ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीस घुसण्याची कामगिरी सोपविली. त्यांच्या ‘चिंडिट’ तुकड्यांचे शिक्षण भर पावसाळ्यात सागरच्या रानात झाले. आजचा गडचिरोली ज्यात मोडत होता तो चांदा जिल्हाही त्याच मध्य प्रांतातला.

फेब्रुवारी १९४३ मध्ये सुमारे ३,००० सैनिक चिंदविन नदीपार गेले. त्यांपैकी आठशेवर परतले नाहीत. रसद विमानातून टाकली जाई. पण उतरण्यास जागा नसल्याने, ज्याला चालवत नसे त्याला बहुधा वाटेतच सोडावे लागे.

हे शल्य विंगेट विसरले नाहीत. ऑगस्ट १९४३ मधील क्वेबेक परिषदेनंतर अमेरिकेने त्यांच्या दिमतीस फिलिप कॉक्रन यांचे खास हवाई पथक दिले. ग्वाल्हेर-ललितपूर परिसरात सराव झाला. खेचरांनाही ग्लायडरमध्ये चढण्याची सवय लावण्यात आली. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातील लालाघाट येथून डाकोटा विमाने ग्लायडर ओढीत निघाली. काही ग्लायडर कोसळले, माणसे दगावली. तरीही अमेरिकन इंजिनिअरांनी एका दिवसात जंगलात धावपट्टी सिद्ध केली. आठवडाभरात सुमारे ९,००० सैनिक उतरले, आणि परतीच्या विमानांतून जखमी बाहेर पडू लागले.

२४ मार्च रोजी मणिपूरच्या डोंगरांत विमान कोसळून विंगेट मरण पावले. पुढच्याच महिन्यात त्याच अमेरिकन पथकाच्या हेलिकॉप्टरने जंगलात अडकलेल्या जखमींची सुटका केली. रणभूमीवरची हेलिकॉप्टरची ती पहिली सुटका होय.

विंगेट यांच्या डावपेचांविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही. मात्र जंगलात माणसे पोहोचविणाऱ्या विमानानेच तेथील आजारी, जखमी माणूस बाहेर आणला पाहिजे, हा धडा निर्विवाद आहे. गडचिरोलीत हेलिकॉप्टर जवानांसाठी उडते, मतदान पथकांसाठी उडते. अडलेल्या बाळंतिणीसाठीही ते कधीमधी धावले आहे. परंतु पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्यावर, किंवा खाटेची कावड करून रुग्णाला मैलोगणती न्यावे लागते तेव्हा, ही मदत अधिकाऱ्यांच्या तत्परतेवर अवलंबून राहू नये. तो नियम व्हावयास हवा. युद्धाच्या धुमश्चक्रीत जे १९४४ साली साधले, ते शांततेच्या काळात अशक्य आहे असे कोणते सरकार म्हणू शकेल?