कर्नल सायक्स: भीमेच्या माशांची मराठी नावं विज्ञानात नेणारा इंग्रज अधिकारी

उजनीची मासळी म्हटलं की सोलापुरात आधी चिलापी आठवते. पण हा मासा मूळचा आफ्रिकेचा. मग धरणाच्या दीडशे वर्षं आधी भीमेच्या खोऱ्यात कोणते मासे होते? याची नोंद केली एका लष्करी अधिकाऱ्याने. त्यांचं नाव विल्यम हेन्री सायक्स.

सायक्स यांचा जन्म १७९० चा. १८०४ मध्ये, कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. इथे ते मराठी शिकले. १८२४ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचं काम सोपवलं. शेती, लोकसंख्या, हवामान यांच्या नोंदी घेता घेता त्यांनी पक्षी आणि मासेही टिपले.

१८३१ मध्ये ते मायदेशी गेले. काही वर्षांनी दख्खनच्या माशांवरचा त्यांचा अभ्यास लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने छापला. त्यात एक गंमत होती. नव्या माशांना त्यांनी बहुतेक करून इथलीच नावं दिली. पुढे कुणी अभ्यासक आला, तर ते नाव सांगून त्याला मासा मिळावा, हा हेतू. म्हणून शिंगटीचं शास्त्रीय नाव आजही ‘मिस्टस सींगटी’ आहे आणि दख्खनी महसीर ‘टॉर खुद्री’!

सायक्स पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले, अ‍ॅबरडीनचे खासदारही झाले. १८७२ मध्ये त्यांचं निधन झालं.

नावं टिकली, माशांचं काय?

महसीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाहत्या, खडकाळ पाण्यात अंडी घालतो. त्याची वाढही सावकाश होते. धरणाने त्याची वाट अडते. चिलापीचं उलट आहे. तिला साठलेलं पाणी चालतं, ती काही महिन्यांतच प्रजननक्षम होते आणि मादी अंडी तोंडात सांभाळते.

त्यात बारीक आसाची जाळी पिल्लंही उपसतात. म्हणूनच विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवणं आणि जाळ्याचा आस मोठा ठेवणं गरजेचं आहे. प्रत्येक माशाला निदान एकदा तरी अंडी घालता यावीत, एवढाच त्यामागचा हिशेब. टाटा पॉवरच्या लोणावळ्याच्या केंद्रात महसीरची पैदासही होते. पण ती पिल्लं जगायला वाहती, स्वच्छ नदी लागतेच.