हृदयाचे शस्त्रवैद्य डॉ. सेन

महाड, बिरवाडी आणि पोलादपूर या भागांतील अनेक कुटुंबे एकेकाळी मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर जगत असत. डोंगरउतारावरच्या भातशेतीत वर्षाचे पोट भरत नसे. म्हणून घरचा कर्ता पुरुष लालबाग-परळच्या कापडगिरण्यांत कामाला जाई आणि चाळीतील एकाच खोलीत दहाबारा जणांबरोबर दिवस काढी. असा माणूस आजारी पडला, की त्याला एकच आधार ठाऊक असे : परळचे के. ई. एम. रुग्णालय. गरिबांच्या या रुग्णालयात ज्यांनी भारतातील हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला, त्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे हे चरित्र आहे.

डॉ. सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी कलकत्ता येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण घेतले ते मात्र मुंबईत, के. ई. एम. रुग्णालयाला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. हे महाविद्यालय आणि रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. येथील सर्व अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. परकीय सत्तेच्या त्या काळात ही अट म्हणजे स्वाभिमानाची घोषणाच होती. या वातावरणात वाढलेले सेन पुढे तेथेच शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले.

त्या काळी दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब वस्त्यांतून एक रोग फार आढळे. मुलाचा घसा सुजे, ताप येई, मग सांधे दुखू लागत. ताप उतरे, सांधेही बरे होत. पण रोग जाताना हृदयाच्या झडपेवर आपली खूण ठेवून जाई. हृदयातील झडप म्हणजे रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणारे दार. संधिवाताच्या या तापाने दाराच्या कडा एकमेकींना चिकटत आणि वाट अरुंद होई. रक्त फुप्फुसांत तुंबे. ऐन तारुण्यात माणसाला चार पायऱ्या चढताना धाप लागे, रात्री उताणे निजता येत नसे. चिकटलेले दार औषधाने उघडणार कसे? आणि चालत्या हृदयाला हात लावावा, ही कल्पनाच तोवर वैद्यांना धाडसाची वाटत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या धाडसाला आरंभ झाला. फिलाडेल्फिया शहरात १९४८ साली डॉ. चार्ल्स बेली यांनी धडधडत्या हृदयात बोट घालून अरुंद झालेली झडप मोकळी केली. भारत स्वतंत्र झाल्यावर थोड्याच काळात डॉ. सेन रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर त्याच शहरातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. नव्या शस्त्रक्रिया त्यांनी जवळून पाहिल्या आणि त्यांमागचे शास्त्र आत्मसात केले. तेथे साधने विपुल होती. परंतु डॉ. सेन आपली विद्या घेऊन परळला परतले.

परतल्यावर त्यांच्यापुढे खरी कसोटी होती. जे परदेशात पाहिले, ते गर्दीने भरलेल्या आणि पैशाची टंचाई असलेल्या रुग्णालयात कसे करावयाचे? यंत्रे आणून हे काम भागणारे नव्हते. भूल देणारे, रक्त पुरविणारे, शुश्रूषा करणारे, रोगनिदान करणारे असे अनेक हात एका मनाने चालावे लागतात. डॉ. सेन यांनी असा संघ उभारला. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर शस्त्रक्रियांचा सराव करून, चुका हेरून, मगच ते माणसाकडे वळत. १९५० नंतरच्या दशकात के. ई. एम. रुग्णालयात झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. शस्त्रवैद्याला हृदयाच्या आतले काही दिसत नसे; बोटाचे टोक हाच त्याचा डोळा. बोटाने चिकटलेल्या कडा सुटल्या, की वर्षानुवर्षे धापा टाकणारा रोगी पुन्हा मोकळा श्वास घेई.

डॉ. सेन यांनी जगाकडून घेतले, तसे जगाला दिलेही. शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी जी महाधमनी, तिच्या भिंती सुजून जाड होण्याचा एक रोग आपल्याकडील तरुण माणसांत आढळतो. डॉ. सेन यांनी डॉ. किनरे, डॉ. परुळकर इत्यादी सहकाऱ्यांसह या रोगाचा कसून अभ्यास केला आणि १९६३ साली इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचे स्नायू आतल्या पोकळीतूनच रक्त शोषून घेतात, हे ध्यानी घेऊन, रक्ताविना कोरड्या पडलेल्या हृदयस्नायूत सुईने सूक्ष्म मार्ग करण्याचा प्रयोगही त्यांनी केला व १९६५ साली तो जगापुढे मांडला. पुढे इतर देशांतील शस्त्रवैद्यांनी हेच काम लेसर किरणांनी करून पाहिले.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले आणि सारे जग थक्क झाले. त्यानंतर तीन महिनेही लोटले नव्हते, तोच १६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळला डॉ. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच शस्त्रक्रिया केली. भारतातीलच नव्हे, तर आशिया खंडातील ते पहिले हृदयारोपण होते. जगात अशी शस्त्रक्रिया करणारे डॉ. सेन चौथे शस्त्रवैद्य ठरले.

दुर्दैवाने तो रोगी काही तासांतच दगावला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या हृदयारोपणालाही यश आले नाही. शरीर परक्या अवयवाला सहसा आपला मानीत नाही, आणि हा विरोध आवरणारी चांगली औषधे तेव्हा नव्हती. मेंदू मृत झालेल्या माणसाचे हृदय घेण्यास मान्यता देणारा कायदाही आपल्या देशात नव्हता. तो संमत झाला १९९४ साली. आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. मधली सव्वीस वर्षे वाट पाहावी लागली. तरीही पहिला प्रयत्न व्यर्थ गेला, असे कोण म्हणेल? आपल्या देशातील हात हे काम करू शकतात, ही गोष्ट त्या रात्री सिद्ध झाली होती.

भारत सरकारने १९६९ साली ‘पद्मभूषण’ देऊन डॉ. सेन यांचा गौरव केला. १९८२ साली ते निधन पावले. पण त्यांनी घडविलेले शिष्य त्यांचे कार्य पुढे चालवीत राहिले.

ज्ञानाची वाट दोन्ही दिशांनी चालते, हे डॉ. सेन यांनी दाखविले. ही वाट मोठ्या शहरापाशीच थांबते असे मात्र नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. लाल विंचवाच्या दंशाने येथील माणसे मरत. विषाने हृदय थकते व फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी रात्रंदिवस रोग्यांच्या उशाशी बसून ओळखले. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून त्यांनी कित्येकांचे प्राण वाचविले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून हे संशोधन जगभर पोहोचले. फिलाडेल्फियाची विद्या परळला आली आणि काळ नदीच्या खोऱ्यातील विद्या लंडनला गेली. विद्येला देशाच्या सीमा नसतात. पण ती आपल्या माणसांच्या उपयोगी पडावी, यासाठी कोणाला तरी आपल्या मातीत पाय रोवून उभे राहावे लागते.