देवाचा संत योहान : दुखावलेल्या मनांचा आश्रयदाता

८ मार्च रोजी ख्रिस्तसभा देवाचा संत योहान ह्या वर्तनसाक्षीचा स्मृतिदिन पाळते. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८८६ साली त्यांना रुग्णांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले, हे अनेक धर्मग्रामस्थांना ठाऊक असते. परंतु हे संत एके काळी स्वतःच वेड्यांच्या कोठडीत बांधून ठेवलेले रुग्ण होते, ह्याचा उल्लेख आपल्या प्रवचनांत सहसा होत नाही. आम्हांस मात्र त्यांच्या जीवनाचे मर्म तेथेच दिसते.

पोर्तुगालमधील मोन्तेमोर-ओ-नोवो ह्या गावी १४९५ साली त्यांचा जन्म झाला. वयाच्या आठव्या वर्षी घर सुटले आणि स्पेनमधील ओरोपेसा येथे परक्या घरी मेंढरे राखीत ते वाढले. पुढे सैनिक, सेऊता येथे मजूर, जिब्राल्टरला धार्मिक पुस्तके व चित्रे विकणारा फेरीवाला, असा त्यांचा प्रवास झाला. मधल्या काळात ते एकदा गावी परतले, तेव्हा आईवडील केव्हाच निवर्तल्याचे त्यांना कळले. चाळिशी उलटल्यावर त्यांनी ग्रानादा शहरात पुस्तकांचे छोटेसे दुकान थाटले. आपले म्हणावे असे माणूस त्या शहरात कोणी नव्हते.

१५३० च्या दशकाच्या अखेरीस, २० जानेवारीला, संत सेबॅस्टियनच्या सणाच्या दिवशी, अविलाचे संत योहान ह्यांचे प्रवचन त्यांनी ऐकले आणि त्यांचा तोल सुटला. ते मोठ्याने रडत रस्त्यांतून धावू लागले. केस उपटले, चिखलात लोळले, दुकानातील पुस्तके वाटून टाकली, काही फाडली. पोरेसोरे मागे लागून दगड मारू लागली. शेवटी काही सज्जनांनी त्यांना राजेशाही इस्पितळाच्या वेड्यांच्या विभागात नेऊन सोडले. तेथील उपचार म्हणजे हातपाय बांधून चाबकाचे फटके! वेदनेने बुद्धी ठिकाणावर येते, अशी त्या काळची समजूत होती.

काही चरित्रकार म्हणतात, की अपमान सोसता यावा म्हणून त्यांनी वेडाचे सोंग घेतले. हा खुलासा आम्हांस फारसा पटत नाही. संताचे मन आजारी पडूच शकत नाही, असे मानण्याची आपल्याला इतकी घाई का असावी? ज्वर चढला तर आपण लपवीत नाही; घरातील मनोरुग्णाला मात्र मिस्सेलाही आणीत नाही.

फटक्यांनी त्यांना बरे केले नाही. ज्यांच्या प्रवचनाने ते हादरले होते, त्याच धर्मगुरूंनी त्यांना अंतर दिले नाही. अविलाच्या योहानांनी त्यांची दखल घेतली, पापनिवेदन ऐकले, धीर दिला आणि ह्या दुःखाला सेवेची वाट दाखविली. (हेच धर्मगुरू २०१२ साली ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित झाले.) हळूहळू मन स्थिरावले, तेव्हा योहान त्याच इस्पितळात इतर रुग्णांची झाडलोट, भरवणे, धुणे करू लागले. बाहेर पडल्यावर ग्वादालुपेच्या मरियामातेची यात्रा करून ते परतले. रानातून आणलेल्या लाकडाच्या मोळ्या विकून त्यांनी गोरगरिबांसाठी एक घर भाड्याने घेतले.

तेथे लंगडे, लुळे, मुके, कुष्ठरोगी, म्हातारे, वाटसरू आणि अर्थातच मतिभ्रष्टही आले. कोणालाही मारले जात नसे. संध्याकाळी टोपली पाठीवर घेऊन ते भिक्षा मागत, तेव्हा दान देणाऱ्याने त्यात स्वतःचेच भले पाहावे, असे पुकारीत. माणसे जोडण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. आन्तोन मार्तिन हा आपल्या भावाच्या मारेकऱ्याचा, पेद्रो वेलास्को ह्याचा, सूड घ्यायला टपला होता. योहानांनी त्या दोघांचा समेट घडविला आणि दोघेही त्यांचे सहकारी बनले. १५४९ च्या जुलैत राजेशाही इस्पितळाला आग लागली, तेव्हा योहान ज्वाळांत शिरून रुग्णांना बाहेर काढीत होते. फटके खाल्ले होते तीच ही वास्तू.

तरीही त्यांचे मन सदैव प्रफुल्लित होते, असे समजू नये. अखेरच्या काळात घरात शंभराहून अधिक माणसे होती आणि कर्ज वाढत होते. कर्जापायी आपण कित्येकदा घराबाहेरही पडत नाही, आपण दुःखी आहोत, असे त्यांनी एका सरदार मित्राला पत्रातून मोकळेपणाने कळविले. सेसाच्या सरदारपत्नीलाही ते आपली व्यथा लिहीत. इतरांचा आधार झालेला हा मनुष्य स्वतः आधार मागायला लाजला नाही, ही गोष्ट आम्हांस आगीतील धाडसाएवढीच मोठी वाटते.

हेनील नदीच्या पुरात बुडणाऱ्या एका मुलाला वाचविण्यासाठी त्यांनी उडी घेतली आणि त्यातूनच ते आजारी पडले. मृत्युशय्येवर ग्रानादाचे आर्चबिशप पेद्रो गेरेरो भेटीस आले, तेव्हा योहानांनी गरिबांची काळजी आणि देणेकऱ्यांची वही त्यांच्या स्वाधीन केली. ते सर्व कर्ज आपण फेडू, असे वचन आर्चबिशपांनी दिले. ८ मार्च १५५० रोजी, क्रूस हाती धरून गुडघ्यांवर असतानाच, योहानांनी प्राण सोडला.