एस. हुरॉक सादर करतात

न्यूयॉर्कमध्ये एके काळी नाचगाण्याच्या जाहिरातीवर कलावंताच्या नावाच्याही वर एक ओळ छापलेली असे: एस. हुरॉक सादर करतात. ह्या ओळीतले गृहस्थ स्वतः गात नसत, वाजवीत नसत, नाचत तर मुळीच नसत. तरीही पुष्कळ लोक ती ओळ पाहून तिकीट काढीत आणि आत कोण आहे ते मागाहून विचारीत. आपल्याकडे नाटक कंपन्यांच्या काळात कंत्राटदार असत. थिएटर ठरवणे, बिदागी ठरवणे, जाहिरात लावणे आणि खेळ पडला तर डोक्याला हात लावून बसणे हा त्यांचा धंदा. सॉल हुरॉक हे तसलेच कंत्राटदार होते, पण साऱ्या अमेरिकेचे. आणि ते यहुदी होते, रशियातून आलेले. त्यांच्या आयुष्यात ह्या दोन्ही गोष्टी शेवटी एकमेकींवर आदळल्या, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म युक्रेनच्या सीमेजवळील पोगार ह्या लहान गावी झाला. जन्मतारीख ९ एप्रिल १८८८ अशी दिली जाते. नाव सोलोमन, आडनाव गुरकोव्ह. बापाचे लोखंडी सामानाचे दुकान होते. मुलाने हाच धंदा शिकावा म्हणून बापाने त्याला पैसे देऊन खारकोव्हला धाडले, तर चिरंजीव त्याच पैशांवर अमेरिकेच्या वाटेला लागले! १९०६ साली अठराव्या वर्षी ते न्यूयॉर्कला उतरले. हुरॉक यांनी आपले आत्मचरित्र १९४६ साली प्रसिद्ध केले. त्यात तिखटमीठ बरेच आहे, आणि हार्लो रॉबिन्सन यांनी १९९४ साली त्यांचे चरित्र लिहिले तेव्हा त्यातील पुष्कळ गोष्टी त्यांना पारखून घ्याव्या लागल्या. पण सुरुवातीचे हाल खरे आहेत. फिलाडेल्फियात फेरी करून किरकोळ माल विकणे, बाटल्या धुणे, ट्रामवर कंडक्टरी, असे हाताला लागेल ते काम त्यांनी केले. परक्या देशात पहिली दोन वर्षे कशी जातात हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

पुढे ते ब्रुकलिनमधील ब्राउन्सव्हिल ह्या वस्तीत आले. ही सारी यहुदी कामगारांची वस्ती. दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेली माणसे संध्याकाळी सभांना जात, वाद घालीत, वर्गणी काढीत. ह्या सभांसाठी हुरॉक गाण्याबजावण्याचे कार्यक्रम ठरवू लागले. एफ्रेम झिम्बालिस्ट हे मोठे व्हायोलिनवादक तेव्हा अमेरिकेत नुकतेच आले होते. त्यांना गाठून, बिदागीत घासाघीस करून हुरॉकनी त्यांना ब्राउन्सव्हिलच्या कामगारांपुढे उभे केले. आमच्या मते त्यांचे सारे यश ह्या एका गोष्टीत आहे. श्रीमंत लोकांना संगीत कळते आणि गरिबांना तमाशा पुरतो, असे तेव्हाचे बहुतेक व्यवस्थापक धरून चालत. हुरॉक ज्या वस्तीत राहत होते तिथे घरात चार पैसे नसतानाही लोक व्हायोलिनवर जीव टाकीत. हा प्रेक्षक त्यांच्या चांगला ओळखीचा होता.

मग त्यांनी न्यूयॉर्कचे हिप्पोड्रोम धरले. पाच हजारांवर खुर्च्यांचे हे अवाढव्य नाटकगृह. तिथे सर्कशीसारखे खेळ होत. रविवारी ते भाड्याने घेऊन हुरॉक स्वस्त तिकिटांत मिशा एल्मनसारख्या कलावंतांचे कार्यक्रम लावू लागले. येथेच १९१६ साली आना पाव्हलोव्हा हिचे नृत्य चालू होते. हुरॉक रोज जाऊन बसत. ओळख झाली, आणि पुढे तिचे अमेरिकेतील दौरे त्यांच्याकडे आले.

पाव्हलोव्हामुळे हिंदुस्थानचाही धागा ह्या गोष्टीत येतो. १९२३ साली तिने लंडनमध्ये उदय शंकर ह्या तरुणाला हाताशी धरून राधाकृष्णाचे आणि हिंदू विवाहाचे नृत्य बसवले, आणि त्यानंतरच्या अमेरिकेच्या दौऱ्यात उदय शंकर तिच्याबरोबर कृष्ण म्हणून नाचले. तो दौरा हुरॉक यांचाच. नऊ वर्षांनी, १९३२ च्या डिसेंबरात, उदय शंकरांचा स्वतःचा संच त्यांनी न्यूयॉर्कला आणला. त्या संचात तिमिर बरन होते, पं. पलुस्करांच्या तालमीतले विष्णुदास शिराळी होते, आणि बारा वर्षांचा एक धाकटा भाऊही होता, रवि शंकर. अमेरिकन प्रेक्षकाला आपला मृदंग आणि सरोद कानी पडली ती अशी.

पण हा धंदा जुगाराचा. थोर गायक शाल्यापिन १९२१ साली आले आणि त्यांचा घसा बसला. विकलेल्या तिकिटांचे पैसे परत करावे लागले. १९२२ साली इसाडोरा डंकन नवऱ्यासह आली. ती आपल्या सोव्हिएट प्रेमाची भाषणे रंगमंचावरूनच देऊ लागली, आणि बोस्टनच्या महापौरांनी तिला बंदी केली. १९२६ साली हुरॉकनी मॉस्कोहून हबिमा ही हिब्रू नाटक मंडळी आणली. आज तेल अवीवमध्ये इस्राएलचे राष्ट्रीय नाट्यगृह म्हणून आपण जिला ओळखतो तीच ही. त्यांच्या दिब्बुक नाटकाची टीकाकारांनी वाखाणणी केली, पण न्यूयॉर्कच्या यहुद्यांची भाषा यिद्दिश. हिब्रू संवाद कळणारे किती? हुरॉकना मोठी खोट बसली. मंडळीतही फूट पडली. काही जण अमेरिकेतच राहिले, बाकीचे १९२८ साली पॅलेस्टाइनला गेले. ह्या वर्षांत हुरॉक एकापेक्षा जास्त वेळा पार धुऊन निघाले. पुन्हा कर्ज काढायचे, पुन्हा नवा करार करायचा, हाच क्रम. १९३३ साली त्यांनी माँटे कार्लोचा रशियन बॅले आणला आणि तेव्हापासून हळूहळू दिवस पालटले.

१९३५ साली पॅरिसमध्ये असताना ते एका गायिकेच्या मैफलीला जाऊन बसले. मेरियन अँडरसन, फिलाडेल्फियाची काळी मुलगी. युरोपात तिचा बोलबाला होता, पण मायदेशी तिला मोजकेच कार्यक्रम मिळत. हुरॉकनी तिच्याशी करार केला आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिचे गाणे लावले. बोटीवर पडून तिचा पाय मोडला होता. लांब झग्याखाली प्लास्टर झाकून ती गायली. त्यानंतर हुरॉकनी तिला गावोगाव फिरवले. दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांना चांगल्या हॉटेलात खोली नाही, आगगाडीत डबा वेगळा. तिच्या प्रवासाची आणि मुक्कामाची व्यवस्था लावणे हे हुरॉक यांच्या कचेरीचे रोजचेच दुखणे होऊन बसले.

१९३९ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने तिच्या गाण्यासाठी कॉन्स्टिट्यूशन हॉल मागितला. हॉल एका जुन्या, घरंदाज गोऱ्या स्त्रियांच्या संस्थेचा. करारात कलमच होते की तेथे फक्त गोरे कलावंत. नकार आला. हुरॉकनी दुसऱ्या तारखा मागून पाहिल्या, तरी नकारच. धंदेवाईक माणूस असता तर जवळपासचे दुसरे गाव पाहून मोकळा झाला असता. हुरॉकनी गप्प बसायचे नाकारले. वर्तमानपत्रांना सारे कळू दिले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेचे सभासदत्व सोडले, तेव्हा देशभर बोभाटा झाला. अखेर मंत्री हॅरल्ड इकीस यांच्या परवानगीने लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्यावर, फुकट गाणे ठरले. अँडरसनबाईंचे मन कचरत होते. त्यांना तमाशा नको होता. तरी त्या उभ्या राहिल्या. ९ एप्रिल, ईस्टरचा रविवार, गार वारा, अंगावर फरचा कोट, आणि समोर काळे व गोरे मिळून ७५ हजार माणसे. रेडिओवर ऐकणारे निराळेच. त्या दिवशी हुरॉक यांना एकावन्नावे वर्ष पुरे झाले होते, आणि पेटीत एक सेंटही जमला नव्हता.

युद्धानंतरची त्यांची भरभराट थोडक्यात सांगता येईल. आर्थर रुबिनस्टाइन आणि आयझॅक स्टर्न त्यांच्याकडे. १९४९ साली मार्गो फोंटेनसह लंडनचा बॅले. १९५३ साली त्यांच्या आयुष्यावर हॉलिवूडचा चित्रपट. १९५८ साली त्यांनी इस्राएलहून सारा लेव्ही-तनाय यांचा इन्बाल संच आणला. येमेनी यहुद्यांची ती पावले आणि ते ताल न्यूयॉर्कच्या लोकांना नवे होते. पूर्वेकडून आलेल्या यहुद्यांनाही दाखवण्यासारखे काही आहे, हे युरोपातल्या यहुद्याने ओळखले, याची आम्हांला विशेष गंमत वाटते.

परंतु ह्या काळात त्यांचे खरे नाव झाले ते सोव्हिएट कलावंतांमुळे. दोन्ही देश एकमेकांवर अणुबाँब रोखून बसलेले असताना हुरॉक मॉस्कोला खेपा घालीत होते. १९५८ साली मोइसेयेव्ह यांचे लोकनृत्य आले, १९५९ साली उलानोव्हासह बोल्शॉय बॅले, १९६० साली पियानोवादक रिश्टर. तिकिटांसाठी लोक रात्रभर रांगेत. कलावंत येत-जात राहिले तर दार उघडे राहते, अशी हुरॉक यांची श्रद्धा होती. अर्थात त्यात फायदाही होता, हे लपवण्याचे कारण नाही.

मग त्या दाराच्या आत अडकलेल्यांचा प्रश्न आला. इस्राएलला जाऊ द्या म्हणून अर्ज करणाऱ्या रशियन यहुद्यांना नकार मिळत, नोकऱ्या जात, तुरुंग घडे. आपल्यापैकी ज्यांनी सत्तरच्या दशकात अशदोद, बीरशेबा येथे अशा शेजाऱ्यांबरोबर एकाच जिन्यावर दिवस काढले, त्यांनी ह्या हकीकती त्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये ज्यू डिफेन्स लीगचे तरुण सोव्हिएट कलावंतांच्या कार्यक्रमांत गोंधळ घालू लागले. १९७० च्या अखेरीस मॉस्कोने बोल्शॉयचा दौरा रद्द केला. राग हुरॉक यांच्यावरही होता. यहुदी असून आमच्या बांधवांच्या जुलमी राज्याची शोभा वाढवतो, हा आक्षेप.

आक्षेपात काहीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. बोल्शॉयचा पडदा वर गेला की त्या राज्याचा चेहरा उजळत असे, यात शंका नाही. १९३९ साली अन्याय कोणत्या बाजूला आहे हे हुरॉकना चटकन दिसले होते; तेव्हा न्याय आणि आपली गायिका एकाच बाजूला होती. ह्या वेळी तसे नव्हते. पण ज्या रीतीने हा वाद सोडवण्याचा प्रयत्न झाला तिचे समर्थन कसे करणार?

२६ जानेवारी १९७२ ला सकाळी मॅनहॅटनमधील त्यांच्या कचेरीत कोणी आग लावणारा बाँब ठेवून गेले. क्षणात खोल्या धुराने भरल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या हुरॉकना धुरातून बाहेर काढून इस्पितळात नेले, ते वाचले. कचेरीत काम करणारी सत्तावीस वर्षांची एक मुलगी गुदमरून मेली. तीही यहुदी होती. लीगच्या पुढाऱ्यांनी हात झटकले. लीगमधील तरुणांवर खटला भरला गेला, पण पोलिसांनी बेकायदा चोरून ऐकलेल्या टेलिफोनवरून माहिती मिळवली होती, आणि मुख्य साक्षीदाराने साक्ष द्यायचे नाकारले. १९७३ साली खटला निकालात निघाला. त्या मुलीच्या मृत्यूबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

हुरॉक पुन्हा कचेरीत येऊन बसू लागले. टोपी, हातात काठी, चार-पाच भाषांत बोलणे आणि प्रत्येक भाषेला यिद्दिशची फोडणी. ५ मार्च १९७४ ला ते स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हिया यांच्याबरोबर जेवले आणि एका बँकेत नव्या कार्यक्रमासाठी बोलणी करायला गेले. तेथेच त्यांचे हृदय बंद पडले.

अंत्यविधी कार्नेगी हॉलमध्ये झाला. बोलायला मेरियन अँडरसन उभ्या राहिल्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आपले निरोपाचे गाणे ह्याच रंगमंचावर गायले होते. तो निरोपाचा दौरा त्यांनी १९६४ साली सुरू केला होता वॉशिंग्टनहून, कॉन्स्टिट्यूशन हॉलमधून.